सहा पेरं आणि एक रकाना

मी शाळेत हेडक्लार्क आहे म्हटलं की लोक म्हणतात, "वा, निवांत काम!" अहो, निवांत कसलं? रोज वरून एक पत्र येतं, ते आम्हाला कळत नाही. आम्ही उत्तर पाठवतो, ते त्यांना कळत नाही. या दोन्हींच्या मधे जे काही घडतं ते सगळं माझ्या टेबलावर येऊन साचतं. फायली निदान रद्दीत देता येतात. किस्से कुणाला देणार? म्हणून तुम्हाला सांगतेय, चहा घ्या.

शाळा आमची पंचवटीच्या अंगाला. निवासी. अंध आणि कर्णबधिर, दोन्ही मुलं एकाच आवारात. सरकारी अनुदानावर चालते आणि फार जुनी आहे. किती जुनी, हे मला विचारू नका, त्यावर पाच फायली आहेत आणि पाचही वेगवेगळं सांगतात.

*

आधी पेटीचं सांगते.

अनुदान सुरू झालं तेव्हा, म्हणजे आमच्यातलं कुणी जन्मलेलंही नव्हतं तेव्हा, सरकारने शाळेला सामान मंजूर केलं. अंध मुलांना गाणं शिकायला एक पेटी. कर्णबधिर मुलांना सहा आरसे, कारण ती मुलं आरशात स्वतःचे ओठ बघत बोलायला शिकतात. इतकं सरळ! पण नोंदवही लिहिणाऱ्या कुणा महाभागाने ओळी उलट्या केल्या. पेटी गेली कर्णबधिर विभागाला आणि आरसे लागले अंधांच्या वर्गात.

मी नवीन होते. मुख्याध्यापक देवरे सरांना विचारलं, "सर, अंधांच्या वर्गात भिंतभर आरसे कशाला?"

देवरे सर सटाण्याकडचे. एरवी छान शुद्ध बोलतात, पण डोकं तापलं की अहिराणी सुरू. म्हणाले, "नोंद शे ना, ताई!"

"मग शिकवता कसं?"

"सकाळी दहाला आरसे तिकडे, पेटी इकडे. संध्याकाळी पाचला परत जागेवर. तपासणी कधीही येते."

मी म्हटलं, हा काय वेडेपणा! बसले आणि दुरुस्तीचा झकास अर्ज लिहिला. उत्तर आलं, 'मूळ मंजुरीपत्राची प्रत जोडावी.' ती कुणाकडेच नव्हती. परत अर्ज, परत तेच उत्तर. अशी माझी तीन वर्षं गेली.

मग एकदा काय झालं, आरसे न्यायला उशीर झाला. अंधांच्या वर्गात एका नव्या मुलीला एका डोळ्याने अगदी पुसट दिसायचं, आणि हे तिच्या घरच्यांनाही माहीत नव्हतं. ती चाचपडत भिंतीशी गेली, नाक आरशाला लावलं आणि ओरडली, "सर, ही कोण आहे?"

त्याच आठवड्यात तिकडे कर्णबधिर मुलं पेटीला गाल लावून बसलेली दिसली. आमच्या वसतिगृहाच्या मंदाबाई भाता मारत होत्या आणि पोरं थरथर लागून खिदळत होती. तेव्हापासून मी अर्ज करायचा सोडला. ती नोंद चुकीची होती की बरोबर, हे मला आता कळेनासं झालंय.

*

आमचे कुलथे सर ब्रेल शिकवतात. स्वतः जन्मापासून अंध. माणूस भलताच टापटीप. शर्टाची इस्त्री मोडली तर मला ओरडतात, जणू मीच मोडली!

त्यांना दरवर्षी एक प्रतिज्ञापत्र भरून द्यावं लागतं की मी अजूनही अंध आहे. त्याखाली छापलेलं असतं, 'वरील मजकूर मी स्वतः वाचला असून तो खरा आहे.'

मी दरवर्षी मोठ्याने वाचून दाखवायची आणि ते सही करायचे. एका वर्षी अडून बसले.

"सुलभाताई, मी हे वाचलेलं नाही."

"सर, दरवर्षी करता ना सही?"

"दरवर्षी खोटं लिहितो. आता रिटायरमेंट जवळ आलीय, एकदा तरी खरं लिहू द्या."

त्यांनी खाली लिहायला लावलं, 'सदर मजकूर मी वाचलेला नाही, कारण वरील मजकूर खरा आहे.' मी ते तसंच पाठवलं. वाटलं, आता मेमो येणार. आठ दिवसांनी फोन आला. पलीकडचा माणूस म्हणाला, "मॅडम, हे आम्ही चौघांनी वाचलं. बरोबर वाटतंय. पण फाईल कुठल्या गठ्ठ्यात ठेवू?"

*

आता ओटीपीचं. हे नीट ऐका, पुढे लागणार आहे.

आमच्याकडे सुतारकाम शिकवणारे निकम सर कर्णबधिर आहेत. हजेरीचं नवीन ॲप आलं. त्यात नाव चढवायचं तर फोन येतो आणि एक बाई त्यावर सहा आकडे सांगते. निकम सरांना फोन आला! ते बिचारे फोनकडे बघतायत, फोन त्यांच्याकडे बघतोय.

मी खुर्चीतून उठेपर्यंत निकम सरांनी तो फोन शेजारी बसलेल्या कुलथे सरांच्या कानाला लावला आणि स्वतःचा डावा हात त्यांच्यापुढे धरला. कुलथे सर ऐकत होते आणि निकम सरांच्या बोटांवर टकटक करत होते. निकम सर उजव्या हाताने माझ्या कॉम्प्युटरवर आकडे मारत होते. हजेरी लागली!

हे आमच्या शाळेचं जुनं तंत्र. 'पेरावर सांगणं' म्हणतो आम्ही. तर्जनी आणि मधलं बोट घ्या. प्रत्येकाला तीन पेरं, म्हणजे झाली सहा. ब्रेलच्या अक्षरातही टिंबं सहाच. जे टिंब हवं ते पेर दाबायचं, की झालं अक्षर. कर्णबधिर मुलंही आमच्याकडे हे शिकतात, आणि इतक्या झपाट्याने सांगतात की आपण नुसतं बघत बसावं. प्रार्थनेला सगळी मुलं लांब सतरंजीवर एका ओळीत बसतात, एक अंध, एक कर्णबधिर, एक अंध, एक कर्णबधिर. सर सूचना देतात ती अंध मुलं ऐकतात आणि शेजाऱ्याच्या पेरावर सांगतात. दारातून कोण आलं ते कर्णबधिर मुलं बघतात आणि शेजाऱ्याला सांगतात. चहाडीसुद्धा अशीच पसरते, माझ्या डब्यात काय आहे हे मी डबा उघडायच्या आत शेवटच्या पोरापर्यंत पोचलेलं असतं!

*

आणि मग आली सोनल.

जूनमधली गोष्ट. लासलगावकडची एक बाई आठ वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन ऑफिसात आली. कांद्याच्या खळ्यावर निवडायला जायची ती. म्हणाली, "ताई, पोरगी लय हुशार हाय. फकस्त तिला दिसत नाय अन् ऐकू येत नाय."

तीन वर्षांची असताना मोठा ताप आला, त्यात डोळे आणि कान दोन्ही गेले. मी विचारलं, "तुम्ही कामावर जाता तेव्हा हिला कोण बघतं?"

बाई खाली बघत म्हणाली, "खळ्यावरच खांबाला बांधून ठेवते. जवळ इहीर हाय ना."

मंदाबाईंनी पोरीला आपल्याकडे ओढलं, तर तिने मंदाबाईंचा चेहरा, कुंकू, कानातलं सगळं चाचपून बघितलं आणि त्यांच्या पदराचं टोक मुठीत धरलं ते सोडेना. देवरे सर म्हणाले, "भरा फॉर्म."

भरा म्हणजे काय! आमच्या शाळेच्या खात्यावर दोनच रकाने उघडतात, अंध आणि कर्णबधिर. खूण एकातच करायची. अंधवर केली तर कॉम्प्युटर म्हणतो, ऐकू येत असल्याचा दाखला जोडा. कर्णबधिरवर केली तर म्हणतो, दृष्टी ठीक असल्याचा दाखला जोडा. मी दुपारभर इकडून तिकडे करत होते. देवरे सर मागे उभे राहून बघत होते. शेवटी डोक्याला हात लावून म्हणाले, "काय शे हाई!"

वर फोन लावला. नवीन आलेले साहेब होते. सभ्य होते हो, आवाज चढवला नाही. म्हणाले, "मॅडम, दोन्हीत बसत नाही म्हणजे शिक्षणात बसत नाही. तिला संगोपनगृहात पाठवा."

"साहेब, तिथे शिकवत नाहीत. नुसतं सांभाळतात."

"मग सध्या कच्चा प्रवेश ठेवा. मी येऊन बघतो. शिकते असं दिसलं तर राहील, नाहीतर संगोपनगृह."

ते कधी येणार हे सांगितलं नाही. दीड वर्ष! दीड वर्ष सोनल कच्च्या प्रवेशावर होती, मंदाबाईंचा पदर धरून हिंडत आणि कुलथे सरांकडून पेरावरची अक्षरं शिकत. फाटकाशी गाडी थांबली की मी खिडकीकडे धावायची.

*

या दीड वर्षात मी जुनी मंजुरी शोधून काढायचा चंग बांधला. कधीतरी, कुठेतरी, सरकारने अशा मुलाला शिकवायला परवानगी दिली असेल ना?

जुने कागद अडगळीच्या खोलीत. खिडकी नाही, बल्ब गेलेला. मी मोबाईलची बॅटरी लावून दोन दिवस शिंकत होते. तिसऱ्या दिवशी कुलथे सर आले. म्हणाले, "ताई, तो उजेड बंद करा आणि बाजूला व्हा. तुम्ही नुसत्या बघताय, शोधत नाही आहात."

त्यांनी गठ्ठे चाचपायला सुरुवात केली. "हा गुळगुळीत कागद, हा अलीकडचा. हा खरखरीत, त्याच्या आधीचा. हा बघा, जाड, शिवलेला, कडेला लाख." अर्ध्या तासात पहिल्या अनुदानाच्या वेळचा हजेरीपट माझ्या हातात! मी तो उराशी धरून ऑफिसात पळाले.

उघडला तर काय, त्यात अंध-बहिरा असा रकानाच नाही. नाव, गाव आणि 'काय शिकले' एवढंच. कुणापुढे 'खुर्ची विणणे', कुणापुढे 'अक्षरे', एकापुढे नुसतं 'हसणे'. सोबत मंजुरीचा एक कागद होता. मुलं दोन प्रकारची, शिक्षक मात्र एकच मंजूर! तेव्हा कळलं ओळीत एकाआड एक बसवण्याचं कारण. मास्तर एकटा, कुणाकुणाला पुरणार? त्याने मुलांनाच एकमेकांचे मास्तर केलं. सरकारने दुसरा शिक्षक दिला असता तर आमची पेरं जन्मालाच आली नसती. आता याबद्दल त्या सरकारला शिव्या द्यायच्या की हार घालायचा? मला अजून ठरवता आलेलं नाही.

कागदाचे फोटो साहेबांना पाठवले. उत्तर आलं, 'जुना कागद पाहिला. छान आहे. आता रकाना लागतो.'

*

मधेच कांद्याचं सांगून टाकते.

एके दिवशी स्वयंपाकघरात कांद्याची गोणी आली. मंदाबाई भाजीला गेल्या, सोनल पदर सुटला म्हणून तिथेच बसून राहिली. मंदाबाई परत आल्या आणि दारातूनच किंचाळल्या, "ताई, इकडं या! पोरीनं काय करून ठेवलंय बघा!"

मी धावले. मला वाटलं विळी लागली. तर सगळी गोणी जमिनीवर रिकामी आणि कांद्यांचे चार ढीग. मोठे, मधले, गोल्टी म्हणजे अगदी बारके, आणि चौथा ढीग छोटासा.

"हा चौथा कसला?" मी विचारलं.

मंदाबाईंनी त्यातला एक कापला. आतून सडका. दुसरा कापला, सडका. वरून सगळे कांदे टकाटक होते हो! आईबरोबर खळ्यावर बसून शिकली होती पोरगी, बांधून ठेवलेली असताना हाताला येतील ते कांदे दाबत. मी तिथेच पाटावर बसले आणि मला रडू आलं. सोनलने माझे ओले गाल चाचपले, तिला वाटलं कांद्यामुळे. तिने माझ्या पेरावर सांगितलं, 'धुवा'.

त्या दिवसापासून आमच्याकडे कांदेवाला गोणी देताना आधी विचारतो, "ती पोरगी हाय का घरात?"

*

आणि मग साहेब आले. न कळवता, मंगळवारी सकाळी, ऐन प्रार्थनेच्या वेळी.

उंच, काळजीपूर्वक बोलणारे. हॉलमध्ये ओळ बसलेली होती, बारा मुलं. या टोकाला ऋतुजा, सातवीतली, अंध आणि महाबडबडी. त्या टोकाला सोनल, तिच्या शेजारी शबनम, ती अंध. कुलथे सर पेटीपाशी उभे होते. हो, पेटी दहाला अंधांकडे आली होती, पाचला परत जायची होती ना! पण साहेबांचं लक्ष पेटीकडे नव्हतं.

साहेबांनी हजेरीपट स्वतः घेतला. एकेक नाव वाचलं. 'सोनल' म्हणाले आणि त्या टोकाला हात वर झाला. देवरे सरांनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली.

साहेब म्हणाले, "हे रोजचं आहे. शेजारणीने कोपर मारलं असेल. हात वर करणं म्हणजे शिकणं नाही."

बरोबरच होतं त्यांचं. मंदाबाई दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावून होत्या.

साहेबांनी विचार केला. म्हणाले, "तिला मी एक प्रश्न विचारतो. साधा. पण कुणी मदत करायची नाही." आणि ते या टोकाला, ऋतुजापाशी वाकले आणि अगदी हळू, तिच्या कानात म्हणाले, "तिला विचार, घरी जायचंय का?"

मी शेजारीच होते, मला ऐकू आलं. अहो, हा काय प्रश्न झाला? नऊ-दहा वर्षांच्या कुठल्याही पोराला विचारा, घरी जायचंय का! हो म्हणेल नाही तर काय! आणि हो म्हणाली की साहेब लिहिणार, 'मुलीची इच्छा घरी जाण्याची.' देवरे सर पुटपुटले, "संपलं."

पण प्रश्न निघाला होता. ऋतुजाने शेजारच्याचा हात घेतला. टकटक. त्याने पुढच्याचा. टकटक. एकाने मधेच मान हलवली, पुन्हा सांग म्हणून खूण केली, पुन्हा टकटक. बाराजणांच्या ओळीत तो प्रश्न सरकत होता आणि आम्ही पाच मोठी माणसं नुसती उभी होतो. शबनमने सोनलची दोन बोटं धरली आणि सांगितलं.

सोनलने डोकं जरा तिरकं केलं. मग शबनमचा हात घेतला आणि सांगायला लागली.

उत्तर परत यायला लागलं. शबनमकडून पुढे, तिथून पुढे. मधल्या एका पोराला हसू फुटलं. त्याच्या पुढचीही हसली. मला काही कळेना, घरी जायचंय यात हसण्यासारखं काय?

उत्तर ऋतुजाच्या बोटांवर पोचलं. ती खुदकन हसली आणि मोठ्याने म्हणाली,

"ती म्हणतेय, कोण विचारतंय?"

साहेब एकदा ऋतुजाकडे, एकदा त्या टोकाकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून पेन काढलं, पेटीवर फॉर्म ठेवला आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं, 'शिकते. प्रवेश पक्का.' सही केली, शिक्का मारला.

देवरे सरांनी विचारलं, "साहेब, रकाना?"

"रकान्याचं मी बघतो."

मंदाबाईंनी दारातच डोळे पुसायला सुरुवात केली. साहेब निघाले असं आम्हाला वाटलं. पण ते दाराकडे गेलेच नाहीत. कुलथे सरांपाशी जाऊन हळू म्हणाले, "सर, तिने विचारलंय. माझं नाव पेरावर कसं सांगायचं, शिकवाल?"

कुलथे सरांनी साहेबांची दोन बोटं धरून एकेक अक्षर दाबून दाखवलं. साहेबांनी दोनदा घोकलं. मग ते ओळीच्या त्या टोकाला गेले, पँट सांभाळत सतरंजीवर मांडी घालून बसले, सोनलचा हात हातात घेतला आणि ओठांनी पुटपुटत, एकेक पेर मोजत, आपलं नाव सांगितलं.

सोनलने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग हात सोडवला आणि शबनमच्या बोटांवर काहीतरी सांगितलं. टकटक, टकटक, ओळ पुन्हा चालू झाली. साहेब मान वळवून बघत होते.

इकडच्या टोकाला ऋतुजा म्हणाली,

"साहेब, ती म्हणतेय, चुकलं. परत सांगा."